पाणी कुठून येतं आणि कशातून येतं : बंगळुरूच्या नळाची गोष्ट



आजची गोष्ट बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातून सुरू करू या. या भागाला ज्याच्यावरून नाव मिळालं ते काडू मल्लेश्वराचं देऊळ आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचा 1669 सालचा दानाचा शिलालेख तिथे आहे. महाराष्ट्रातून गेलेला माणूस तो शिलालेख पाहतो, हात जोडतो, फोटो काढतो. त्याच मल्लेश्वरममध्ये आणखी एक जुनी जागा आहे, तिचा फोटो मात्र कोणी काढत नाही. ते आहे शहराचं जुनं पाणी गाळण्याचं केंद्र. त्याला ‘ज्युवेल फिल्टर’ म्हणतात. बंगळुरूला नळाचं पाणी मिळायला लागलं, त्या काळाची ती खूण आहे.

बंगळुरूत घर घेणाऱ्याला किंवा भाड्याने शोधणाऱ्याला विचारा, तो दलालाला पहिला प्रश्न काय करतो? “कावेरी आहे का?” म्हणजे घराला कावेरीच्या पाण्याची जोडणी आहे का. नसेल तर बोअर किती खोल आहे, टँकर लागतो का, हे पुढचे प्रश्न. पाणी कुठून येतं हे सगळे विचारतात. ते कशातून येतं, म्हणजे भिंतीतला पाइप कशाचा आहे, कधीचा आहे, हे जवळजवळ कोणीच विचारत नाही. आजचा आपला विषय हा दुसरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना एक धातू सतत आडवा येतो. तो म्हणजे शिसं.

तळ्यांपासून कावेरीपर्यंत

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात बघू. बंगळुरूजवळ मोठी बारमाही नदी नाही. शहर उंच पठारावर आहे. म्हणून केंपेगौडांच्या काळापासून हे गाव तळ्यांवर जगलं. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हाही पेठेची तहान तळी आणि विहिरीच भागवत होत्या. धर्मांबुधी हे त्यातलं एक मोठं तळं. आज तुम्ही पुण्याहून किंवा कोल्हापूरहून बसने बंगळुरूच्या मॅजेस्टिकला उतरता ना, तो बसस्टँड त्याच तळ्याच्या जागेवर आहे.

1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ दक्षिणेने पाहिला. तळी आटली. त्यानंतर दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात म्हैसूर संस्थानाने शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर अर्कावती नदीच्या हेसरघट्टा तलावाची योजना हाती घेतली. 1894 मध्ये काम सुरू झालं आणि 1896 मध्ये पाणी शहरात आलं. तलावातून विटांच्या बंदिस्त पाटाने पाणी सोलदेवनहळ्ळीला यायचं, तिथून वाफेच्या पंपांनी मल्लेश्वरमकडे चढवलं जायचं. 1898 मध्ये शहरात प्लेगची साथ आली. दाट पेठेतून माणसं बाहेर पडली आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी अशा मोकळ्या वस्त्या भरल्या. स्वच्छ हवा, रुंद रस्ते, नळाचं पाणी, ही तेव्हाची नव्या घराची कल्पना.

हेसरघट्टा पुरेनासं झालं, तेव्हा 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं. 1964 मध्ये शहरासाठी वेगळं पाणीपुरवठा मंडळ स्थापन झालं. 1974 मध्ये कावेरीचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा. हे पाणी जवळपास 100 किलोमीटर लांबून येतं आणि वाटेत तीन ठिकाणी पंप करून सुमारे 500 मीटर वर चढवावं लागतं. एवढ्या दूरचं आणि एवढं चढवलेलं पाणी पिणारी शहरं जगात फार नाहीत.

म्हणजे पहिल्या प्रश्नावर या शहराने सव्वाशे वर्षं घाम गाळला आहे. आता दुसरा प्रश्न.

शिसं आणि नळ यांचं जुनं नातं

इंग्रजीत नळकाम करणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो. हा शब्द ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला, आणि प्लंबम म्हणजे शिसं. रोमन लोक शिशाच्या पत्र्याचे नळ वळवत. शिसं मऊ असतं, कमी आचेवर वितळतं, गंजत नाही, हवं तसं वाकतं. कारागिराला यापेक्षा आणखी काय हवं? पण त्याच रोममध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने लिहून ठेवलं की मातीच्या नळातलं पाणी शिशाच्या नळातल्या पाण्यापेक्षा आरोग्याला बरं. शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे फिकुटलेले चेहरे त्याने पाहिले होते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरला जी नहर बांधली, तिच्यात खापरी नळ आहेत. पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आलं ते दगडी-विटांच्या बांधीव पाटातून. हेसरघट्ट्याचा पाटही विटांचाच. पाणी सार्वजनिक हौदापर्यंत न्यायचं असेल तर माती, वीट, दगड पुरतात. ते प्रत्येकाच्या मोरीत, स्वयंपाकघरात, वरच्या मजल्यावर न्यायचं म्हटलं की वाकणारा, दाब सोसणारा नळ लागतो. शिसं शिरतं ते या शेवटच्या टप्प्यात.

याची एक प्रसिद्ध हकिकत सांगतो. 1848 मध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप गादी सोडून इंग्लंडला आला आणि क्लेअरमाँट नावाच्या प्रासादात राहिला. तिथलं पाणी झऱ्याचं होतं, अगदी नितळ. काही महिन्यांत घरातली माणसं पोटातल्या कळांनी हैराण झाली. 38 जणांपैकी 13 जणांना त्रास झाला. शेवटी डॉक्टरांनी कारण शोधलं. झरा निर्दोष होता, पण पाणी शिशाच्या नळातून येऊन शिशाच्या टाकीत साठत होतं. राजवाड्यालाही जे कळलं नाही, ते साध्या घराला कसं कळणार? शिशाला पाण्यात रंग नाही, वास नाही, वाईट चवही नाही.

पुढे 1880 च्या दशकात शेफील्ड शहरात हेच मोठ्या प्रमाणावर झालं आणि एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. सगळं पाणी शिसं सारखंच विरघळवत नाही. मऊ आणि थोडं आम्लधर्मी पाणी शिसं जास्त ओढून घेतं. जड, क्षारयुक्त पाणी नळाच्या आत एक पापुद्रा तयार करतं आणि तो पापुद्रा थोडंफार संरक्षण देतो. नळ तोच ठेवून पाणी बदललं, तर निरुपद्रवी वाटणारा नळ घातक ठरू शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

बंगळुरूत शिसं कुठे बसलं

आता कोणी विचारेल, बंगळुरूत लंडनसारखे शिशाचे नळ आहेत का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. आपल्या शहरांत घरजोडणी मुख्यतः जीआय पाइपने, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपने झाली. एखाद्या जुन्या बंगल्यात शिशाचा तुकडा निघू शकतो. तो ओळखणं सोपं आहे. रंग मळकट राखाडी, किल्लीने ओरखडा काढला तर आत चांदीसारखं चमकतं, आणि लोहचुंबक चिकटत नाही.

पण शिसं फक्त शिशाच्या नळात नसतं. त्याच्या चार जागा सांगतो.

पहिली जागा, रस्त्याखालच्या जुन्या बिडाच्या पाइपांचे सांधे. एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात घालायचं, फटीत तागाचा दोर ठासायचा, बाहेरून मातीचं कडं करायचं आणि वितळलेलं शिसं ओतायचं. गार झालं की छिन्नी-हातोडीने ठोकून घट्ट करायचं. जुन्या फिटर लोकांचं हे कौशल्याचं काम होतं. दोर मध्ये असल्यामुळे पाण्याचा शिशाशी संबंध कमी येतो, म्हणून हा धोका चौघांत लहान.

दुसरी जागा, खुद्द जीआय पाइप. जस्ताच्या मुलाम्यात शिशाचा अंश असू शकतो. पाइप गंजून पिवळं-तांबूस पाणी यायला लागलं की तो गंज शिशाचे कण धरून ठेवतो आणि कधीतरी सोडतो.

तिसरी जागा, पितळी नळ आणि व्हॉल्व्ह. पितळ सहज कातता यावं म्हणून त्यात थोडं शिसं घालण्याची जुनी पद्धत आहे. आणि पितळ म्हटलं की आपल्याला कल्हई आठवतेच. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, कापसाच्या बोळ्याने तापलेल्या पातेल्यात कथील फिरवायचा. कथील महाग, शिसं स्वस्त. म्हणून कथलात शिशाची भेसळ व्हायची. कल्हई चांगल्या माणसाकडूनच करून घ्यायची, हा आपल्या आज्यांचा हट्ट उगाच नव्हता.

चौथी जागा सर्वांत नवी आणि बंगळुरूसाठी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे पीव्हीसी पाइप. 1990 नंतर सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, शहर चारी बाजूंनी वाढलं, लाखो घरं उभी राहिली. गंजणाऱ्या लोखंडाऐवजी हलका, स्वस्त प्लास्टिकचा पाइप आला. लोकांना वाटलं, धातूच नाही, म्हणजे चिंता मिटली. पण पीव्हीसी तापवून पाइप ओढताना ते करपू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालावा लागतो आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं स्वस्त म्हणून शिशाची संयुगं वापरली गेली. नवीन पाइपमधून सुरुवातीला शिसं जास्त सुटतं, पुढे कमी होतं. पण पाइप उन्हात राहिला, तर ते सुटण्याचं प्रमाण वाढतं. बंगळुरूच्या कोणत्याही गच्चीवर जाऊन बघा. टाकीपासून खाली येणारे पाइप वर्षभर उघड्या उन्हात असतात.

पाण्यात नाही, मुलांच्या रक्तात सापडलं

आता गोष्टीतला मुख्य भाग. शिशाबद्दल भारताला जागं करण्याचं मोठं काम बंगळुरूत झालं. ते पाण्याच्या तपासणीतून नाही, मुलांच्या रक्ताच्या तपासणीतून झालं.

बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई, दिल्ली, चेन्नईसह सात शहरांत मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं. 12 वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत ते 100 मिलिलिटर रक्तामागे 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं. तेव्हा ही धोक्याची रेषा मानली जायची. आज अमेरिकेत ती 3.5 वर आणली आहे आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

फेब्रुवारी 1999 मध्ये बंगळुरूत शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. परिणाम दिसला. मुंबईच्या मुलांत त्या रेषेवर असलेल्यांचं प्रमाण शंभरात साठच्या वर होतं, ते पेट्रोल बदलल्यानंतरच्या पाहणीत शंभरात तेहतीसच्या आसपास आलं. म्हणजे सरकारने एक दार बंद केलं की मुलांच्या शरीरात फरक पडतो, हे सिद्ध झालं. पण तेहतीस म्हणजे शून्य नव्हे. बाकीचं शिसं कुठून येत होतं?

हा प्रश्न घेऊन बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. तुप्पिल व्यंकटेश अनेक वर्षं काम करत राहिले. लोक त्यांना ‘भारताचा लेड मॅन’ म्हणायचे. तिथे शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभं राहिलं. रंग, बॅटऱ्यांची भट्टी, भांडी, मसाले, खेळणी, पाणी अशी एकेक वाट तपासावी लागते, हे त्या कामातून पुढे आलं.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि ते तिथे दशकानुदशकं राहतं. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार-पाच पट शिसं शोषून घेतं. ताप येत नाही, पुरळ येत नाही. मूल वर्गात लक्ष देत नाही, चिडचिडं होतं, बुद्धीची वाढ थोडी मागे राहते. घरचे म्हणतात, “अभ्यासाला बसतच नाही.” मास्तर म्हणतात, “डोकं कमी आहे.” पाइपवर कोणाचा संशय जात नाही.

रंगांसाठी 2016 मध्ये नियम आले. शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांच्या आत हवं. पीव्हीसी पाइपांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादासमोर गेला आणि 2021 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दलचे नियम अधिसूचित केले. चांगलं झालं. पण नियम पुढच्या पाइपांना लागू होतो. भिंतीत आधीच पुरलेला पाइप नियम वाचत नाही.

एकाच पाइपात तीन पाणी

आता शेफील्डकडे परत येऊ. 2014 मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला. नवं पाणी जास्त गंजवणारं होतं आणि पाइप सांभाळणारं रसायन त्यात घातलं नाही. जुन्या नळांच्या आतला पापुद्रा सुटला आणि शिसं घराघरांत पोहोचलं. अधिकारी पाणी ठीक असल्याचं सांगत राहिले. ते खोटं ठरवलं ली-ॲन वॉल्टर्स या गृहिणीने, जिने स्वतःच्या नळाच्या पाण्याचा पाठपुरावा केला, आणि डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी, ज्यांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल मांडले. इथेही खरं बाहेर आलं ते घरातल्या नळापासून आणि मुलाच्या रक्तापासून.

फ्लिंटमध्ये पाणी एकदा बदललं. बंगळुरूच्या कितीतरी घरांत ते आठवड्यातून तीनदा बदलतं. सोमवारी कावेरी, बुधवारी बोअरचं जड पाणी, शनिवारी टँकर. मार्च 2024 मध्ये बोअर आटले तेव्हा तर टँकर कुठून भरून आला हे विचारायचीही सोय नव्हती. हे सगळं पाणी जमिनीखालच्या टाकीत, तिथल्या भाषेत ‘संप’मध्ये, एकत्र होतं. तिथून पंपाने गच्चीवर आणि गच्चीवरून नळाला. मंडळाचं पाणी मीटरपाशी तपासून चांगलं निघालं, तरी त्यानंतरचा प्रवास तुमच्या घरातला आहे. त्या शेवटच्या 30-40 मीटरची तपासणी कोणाकडेच नाही.

त्यातून बंगळुरूत अर्धं शहर भाडेकरू. पाइप निवडतो मालक, पाणी पितं भाडेकरूचं बाळ. आपल्या कोल्हापूर, नाशिक, लातूरची किती मुलंमुली तिथे भाड्याच्या घरात संसार थाटून आहेत, ते तुम्ही जाणताच.

मग घरात काय करायचं

घाबरायचं कारण नाही, पण काही गोष्टी लगेच करता येतात.

पहिलं, पाण्याची तपासणी करा. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘शिसं’ ही चाचणी नाव घेऊन सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत ती असेलच असं नाही. दोन नमुने द्या. एक, रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी पहिल्या धारेचा. दुसरा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडल्यानंतरचा. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात कमी, तर दोष बहुधा घरातल्या पाइपचा किंवा नळाचा. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका लिटरमध्ये एका ग्रॅमचा एक लाखावा भाग.

दुसरं, उकळल्याने शिसं जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात शिसं तेवढंच राहतं. मेणबत्ती फिल्टर किंवा नुसता यूव्ही दिवा जंतूंसाठी आहे. आरओ यंत्र बहुतांश शिसं काढतं, पण त्याचा पडदा वेळेवर बदलला तरच.

तिसरं, सकाळची पहिली धार पिऊ नका. ते पाणी बादलीत धरून झाडांना किंवा फरशीला वापरा, वाया घालवू नका. गिझरचं गरम पाणी स्वयंपाकाला किंवा बाळाच्या दुधाला घेऊ नका, गरम पाणी शिसं जास्त विरघळवतं.

चौथं, पाइप बदलायचा झाला तर आधी स्वयंपाकघराची लाइन बदला. पिण्याच्या पाण्यासाठीचा आयएसआय खुणेचा पाइप मागा, तो शिसेविरहित असल्याचं बिलावर लिहून घ्या. गच्चीवरचा पाइप झाका किंवा रंगवा.

पाचवं, घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल आणि पाण्याचा अहवाल वाईट आला, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शरीर शिसं कमी शोषतं.

मंडळी, शेषाद्री अय्यरांनी पाणी मल्लेश्वरमपर्यंत आणलं. नंतरच्या पिढ्यांनी कावेरी 500 मीटर चढवून आणली. उरले आहेत ते आपल्या भिंतीतले शेवटचे 40 मीटर, आणि ते कोणताही दिवाण येऊन बांधणार नाही. पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा “कावेरी आहे का?” हे जरूर विचारा. त्याच्याच पाठोपाठ विचारा, “पाइप कशाचा आहे, आणि कोणत्या साली टाकला?” दलाल तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.